मोटारीच्या माथ्यावरील मुद्रा

दिल्लीहून जयपूरकडे जाणारा राजमार्ग गुरुग्रामची उंच वस्ती मागे टाकून मानेसरच्या हद्दीत शिरला, की त्याच्या कडेने कारखान्यांच्या रांगा सुरू होतात. येथे २००७ सालापासून मारुती-सुझुकीच्या मोटारी तयार होत आहेत. नवे वाहन रस्त्यावर येण्यास लायक आहे की नाही, याची परीक्षा घेणारे ‘आयकॅट’ हे केंद्रही येथेच आहे. याच मार्गाने आणखी पुढे जाऊन बिलासपूरच्या चौकातून तावडूच्या बाजूस वळले, की मात्र काळ उलटा चालू लागतो. पालख्या, बैलगाड्या, टांगे, आगगाडीचा डबा आणि जुन्या मोटारी यांचे ‘हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम’ हे चार मजली संग्रहालय २०१३ च्या अखेरीपासून तेथे उभे आहे. मोटारीचा जन्म आणि तिचे उत्तरायुष्य यांच्यामध्ये या मुलुखात अवघ्या काही मैलांचे अंतर आहे.

अशा संग्रहालयात शिरणाऱ्या माणसाची नजर प्रथम कोठे जाते? यंत्र तर बॉनेटखाली झाकलेले असते, आणि उघडे असले तरी त्यातले मर्म जाणणारे थोडेच. नजर जाते ती बॉनेटच्या टोकावरील चिन्हाकडे, समोरच्या चकाकत्या जाळीकडे, दारांवरून आडव्या धावणाऱ्या रुपेरी पट्टीकडे आणि डिकीवरील तिरक्या वळणाच्या अक्षरांकडे. सुट्या भागांच्या बाजारात या चिन्हाला ‘मोनोग्राम’ असे भारदस्त नाव आहे. मोटार चालण्याशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. ते उपटून टाकले तरी गाडी पूर्वीइतक्याच वेगाने धावेल व पूर्वीइतकेच पेट्रोल पिईल. परंतु जुन्या सनदेवरचा शिक्का काढून घेतला तर त्या कागदाचे जे होईल, तेच या गाडीचे होते. अक्षरे राहतात, अधिकार जातो. म्हणूनच जुन्या मोटारींच्या शौकिनांत सर्वांत कडाक्याचे वाद माजतात ते यंत्रावरून नव्हेत, तर या बोटभर धातूवरून. हे चिन्ह अस्सल आहे काय? ही पट्टी कारखान्यातून निघताना होती, की मागाहून कोणी बसवली?

या वादांच्या मुळाशी बहुधा एक गृहीत दडलेले असते. प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक सालच्या प्रत्येक गाडीवर एकच एक ‘खरे’ चिन्ह असले पाहिजे, आणि ते छापील सूचिपत्रात पाहून ठरवता आले पाहिजे, असे लोक धरून चालतात. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. भारतात चाललेल्या मोटारींच्या बाबतीत तर ती मुळीच सोपी नाही.

मोटारीवरील चिन्हांचा उगम साधा आहे. आरंभीच्या काळात बहुतेक मोटारींच्या पुढे पाणी थंड करणारा रेडिएटर उघडा असे आणि त्याच्या माथ्यावर पितळी टोपण असे. निर्मात्याचे नाव तेथेच झळकू लागले. पुढे नावासोबत चित्र आले. मॉरिसच्या गाडीवर पाण्यातून उतार ओलांडणारा बैल दिसे. कारण ती गाडी ऑक्सफर्डची, आणि त्या गावाच्या नावाचा अर्थच मुळी बैलांचा उतार असा आहे. डॉजवर शिंगे रोखलेला मेंढा, प्लिमथवर अमेरिकेत पहिल्या वसाहतवाल्यांना नेणारे ‘मेफ्लॉवर’ जहाज, तर डिसोटोवर त्याच नावाचा स्पॅनिश संशोधक विराजमान झाला. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात निघणाऱ्या छत्रपतींच्या मेबॅक गाडीच्या कंपनीचे चिन्ह म्हणजे एकमेकांत गुंतलेले दोन ‘एम’. रोल्स-रॉइसच्या रेडिएटरवर १९११ पासून चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने घडवलेली पंखधारी आकृती उभी राहू लागली. याच कंपनीच्या दोन ‘आर’ अक्षरांची मोठी गंमत आहे. ती प्रथम तांबडी असत, पुढे काळी झाली. १९३३ मध्ये हेन्री रॉइस वारले, त्यांच्या शोकार्थ हा बदल झाला, अशी कथा जगभर सांगितली जाते. परंतु हा बदल रॉइस यांच्या हयातीतच ठरलेला होता आणि त्याचे कारण शोक हे नसून रुची हे होते. तांबडी अक्षरे गाडीच्या इतर रंगांशी जुळत नसत, इतकेच. कथा मात्र इतकी गोड, की ती खोडून काढण्याचे कोणाच्याच जिवावर येते.

संस्थानिकांच्या गाड्यांनी या प्रश्नाला आणखी एक पीळ दिला. अनेक राजेरजवाड्यांनी परदेशी गाडी मागवताना तिच्या दारांवर आपले राजचिन्ह रंगवून घेतले, दिव्यांची व पट्ट्यांची घडण आपल्या मर्जीप्रमाणे करवली. सूचिपत्रात यांपैकी काहीच सापडणार नाही. तरीही कंपनीच्या चिन्हाइतकेच ते राजचिन्हही त्या गाडीचे जन्मचिन्ह आहे, हे कोण नाकारील?

तथापि राजांच्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या. खरा मौजेचा आणि महत्त्वाचा भाग आहे तो मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्याचा. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी स्थापन केली आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४७ पासून कुर्ल्यास गाड्या जोडण्यास आरंभ केला. येथून डॉज, डिसोटो व प्लिमथ अशा तीन नावांच्या मोटारी बाहेर पडत. त्यांतील ‘डॉज किंग्जवे’, ‘डिसोटो डिप्लोमॅट’ आणि ‘प्लिमथ सॅव्हॉय’ या गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर चाणाक्ष माणसाच्या ध्यानात येते, की या तिन्ही सख्ख्या बहिणी आहेत. किंबहुना एकाच देहाला तीन नावे आहेत. सांगाडा तोच, यंत्र तेच, दारे तीच. फरक आहे तो समोरच्या जाळीत, पट्ट्यांत, अक्षरांत आणि माथ्यावरच्या चिन्हात. मालमोटारींतही हीच तऱ्हा असे. एकच ट्रक कोठे ‘डॉज’, कोठे ‘फार्गो’, तर कोठे ‘डिसोटो’ म्हणून विकला जाई.

यात फसवणूक नव्हती. व्यापारी सोय होती. क्रायस्लर कंपनीच्या निरनिराळ्या नावांच्या गाड्या विकणाऱ्या विक्रेत्यांच्या साखळ्या वेगवेगळ्या होत्या. प्रत्येक विक्रेत्याला स्वस्त किमतीची एक गाडी हवी असे. म्हणून परदेशी बाजारांसाठी प्लिमथच्याच देहावर डॉजचे किंवा डिसोटोचे साज चढवून गाड्या पाठवण्यात येत. खुद्द अमेरिकेत विकली जाणारी डिसोटो ही याहून मोठी, निराळी गाडी होती. आता यातून जो पेच उद्भवतो तो पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील एखाद्या जाणकाराने मुंबईची डिसोटो डिप्लोमॅट पाहिली, तर तो छातीठोकपणे म्हणेल, की ही प्लिमथ आहे आणि कोणा लबाडाने तिच्यावर डिसोटोचे चिन्ह ठोकले आहे. त्याच्या देशाच्या सूचिपत्राप्रमाणे त्याचे म्हणणे बरोबर ठरेल आणि या गाडीपुरते ते साफ चूक असेल. जे तेथे बनावट, ते कुर्ल्यात अस्सल! अशा गाडीचा उद्धार करण्याच्या सद्हेतूने कोणी परदेशातून ‘खरे’ चिन्ह मागवून बसवले, तर त्या माणसाने पैसे खर्चून गाडीचा दाखलाच खोटा केला असे म्हणावे लागेल.

कुर्ल्याच्याच कारखान्यात पुढे इटलीच्या फियाट कंपनीची गाडी बनू लागली. १९५४ च्या ‘फियाट ११००’ पासून पुढील दहा वर्षांत मिलेचेंतो, एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट व डिलाइट अशी नावे तिने धारण केली आणि प्रत्येक नावागणिक पट्टी, जाळी व अक्षरे यांत थोडाफार बदल होत गेला. १९७० च्या दशकाच्या आरंभी फियाटचे नाव गेले व ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ हे नाव आले. १९७४ मध्ये त्याचीही जागा ‘प्रीमियर पद्मिनी’ने घेतली. गाडी जवळजवळ तीच, मुद्रा मात्र इटलीची जाऊन मुंबईची आली. परवान्यावर परक्याची वस्तू बनवणारा कारखाना स्वतःच्या नावाने उभा राहिला, या घटनेची साक्ष बॉनेटवरच्या त्या लहानशा बदलाइतकी ठसठशीतपणे दुसरी कोणतीच वस्तू देत नाही. लोकांनी मात्र हा बदल कधी मनावर घेतला नाही. मुंबईकरांच्या तोंडी ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून निघून गेली, तेव्हाही पुष्कळांनी फियाट गेली असेच म्हटले. त्यामुळे एखाद्या पद्मिनीवर हौसेने ‘फियाट’चे चिन्ह बसवलेले दिसले, तर त्यामागची माया समजू शकते, पण इतिहासाच्या दृष्टीने ते उलटे पाऊल आहे.

मद्रासेत ‘स्टँडर्ड’ कंपनीने १९६१ पासून जी ‘हेराल्ड’ गाडी काढली, तिची कथा याच्या अगदी उलट आहे. इंग्लंडमध्ये हीच गाडी ‘ट्रायम्फ’ नावाने विकली जाई; येथे तिच्यावर ‘स्टँडर्ड’ हे नाव आले. इंग्लंडमध्ये ‘स्टँडर्ड’ या शब्दाचा अर्थ हळूहळू घसरला. उच्च प्रतीचे याऐवजी सर्वसाधारण असा त्याचा बोध होऊ लागला आणि १९६३ मध्ये मोटारींवरून ते नाव तेथे नाहीसे झाले. मूळ घरी मेलेले नाव मद्रासेत पुढे दोन तपे नांदले. तेव्हा भारतीय हेराल्डवर ‘ट्रायम्फ’ची अक्षरे बसवून तिची किंमत वाढेल असे ज्यांना वाटते, त्यांनी तिचे वैशिष्ट्यच पुसलेले असते. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरबद्दल अधिक सांगण्याची गरज नाही. सरकारी कचेऱ्यांच्या आवारात तिने दोन पिढ्या काढल्या आहेत. १९६३ च्या ‘मार्क टू’ची बारीक चौकड्यांची जाळी आणि १९७५ च्या ‘मार्क थ्री’ची आडव्या पट्ट्यांची जाळी यांतील भेद तिच्यात रोज बसणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी टिपला असेल. चालकांना मात्र तो अचूक ठाऊक असे.

नावाइतकाच बोलका पुरावा धातूचा असतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत मोटारींच्या झळाळत्या भागांवर निकेलचा मुलामा असे. त्याची झाक किंचित पिवळसर, उबदार. क्रोमची निळसर, थंड चमक त्यानंतरची. तेव्हा १९२५ ची गाडी आरशासारख्या क्रोममध्ये न्हाऊन उभी असेल, तर ती सुंदर दिसेल; पण ती पेशव्याच्या हाती मनगटी घड्याळ बांधावे तशी दिसेल. युद्धाच्या धामधुमीत तर याहून विलक्षण प्रकार घडला. १९४२ च्या आरंभी अमेरिकन सरकारने मोटारींच्या शोभेसाठी क्रोम वापरण्यास मनाई केली. त्यानंतर निघालेल्या थोड्याशा गाड्यांच्या पट्ट्या व चिन्हे चक्क रंगवलेली होती. बंपर तेवढे वगळले होते. अशा गाडीवरचा रंग खरवडून त्यावर क्रोम चढवणारा कारागीर तिला अस्सल करीत नसून युद्धाची आठवणच पुसून टाकीत असतो. कोरियाच्या युद्धात निकेलचा तुटवडा पडला, तेव्हाही १९५१-५२ च्या गाड्यांवरचा मुलामा पातळ राहिला व लौकर गंजला. त्या काळच्या खडबडीत झालेल्या पट्ट्यांना केवळ मालकाची हयगय कारणीभूत नाही.

जीपचे उदाहरणही येथे घेण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धात जीप मुख्यतः दोन कंपन्यांनी बनवली, विलिस आणि फोर्ड. आरंभी दोघींनी आपापले नाव मागच्या पत्र्यावर उठवले. १९४२ मध्ये सैन्याने ते बंद करवले, कारण सैन्याला जाहिरात नको होती. फोर्डने मग आपले समाधान बोल्टांच्या माथ्यावर इवलासा ‘एफ’ कोरून करून घेतले. युद्धानंतर अशा कितीतरी जीपगाड्या ‘डिस्पोजल’च्या मालात भारतात विकल्या गेल्या. १९४४ च्या अशा जीपच्या पाठीवर आज ठळक अक्षरांत ‘फोर्ड’ लिहिलेले आढळले, तर ते बहुधा मालकाचे प्रेम असते. अस्सलपणाचा पुरावा मात्र त्या बोल्टांच्या माथ्यावर शोधावा लागतो.

मग चिन्ह अस्सल की नक्कल हे ओळखावे कसे? जाणकार माणूस चिन्हाच्या दर्शनी बाजूपेक्षा पाठीकडे अधिक पाहतो. जुनी चिन्हे निरनिराळ्या रीतींनी घडत. आधीची पुष्कळशी पितळेवर किंवा तांब्यावर काचेचे रंगीत मीनाकाम करून भट्टीत भाजलेली असत. पुढे जस्ताच्या मिश्रधातूचा रस पोलादी साच्यात दाबाने भरून चिन्हे ओतण्यात येऊ लागली व त्यांवर तांबे, निकेल आणि क्रोम यांचे थर चढवण्यात येत. जस्ताच्या या चिन्हांना काळाने फोड येतात, बारीक खड्डे पडतात. मुलाम्याच्या दुकानात हे खड्डे घासून काढले, की त्यांबरोबर अक्षरांच्या कडाही झिजतात आणि चिन्ह साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत होते. मूळ नग साच्यात दाबून केलेला असल्याने त्याची पाठ नेटकी असते व कित्येकदा तीवर क्रमांक उठवलेला असतो. जुन्या नगावरून वाळूत साचा घेऊन ओतलेली पितळी नक्कल वजनाने जड, पाठीने खरबरीत आणि आकाराने किंचित लहान भरते. कारण धातू निवताना आकसतो. याखेरीज पत्र्यावरची भोके पाहावीत. चिन्हाच्या खुंट्यांसाठी कारखान्यात पाडलेली भोके सरळ, एका मापाची असतात आणि त्यांच्या कडांवर गाडीचा पहिला रंग पोहोचलेला असतो. रंगाऱ्याने पुटीने बुजवलेली भोके म्हणजे तेथे पूर्वी निराळे चिन्ह होते याची कबुलीच होय.

तरीसुद्धा प्रत्येक परका तुकडा उपटून फेकावा असे नव्हे. भारतातल्या जुन्या गाडीचे आयुष्य टंचाईत गेले आहे. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले, की ज्यांच्यापाशी येथेच गाड्या बनवण्याची योजना नाही, त्यांनी नुसत्या जोडणीचा धंदा आवरता घ्यावा. फोर्ड व जनरल मोटर्स यांनी त्यानंतर मुंबईतील आपले काम बंद केले. त्यांच्या गाड्यांची चिन्हे तुटली, की नवी आणायची कोठून? मग मिस्त्री दुसऱ्या गाडीची पट्टी कापून बसवी किंवा पितळ ओतून नवे चिन्ह करी. १९५८ साली कोणा मिस्त्रीने शेवर्लेवर बसवलेली अशी पट्टी ही बनावट नव्हे. ती त्या गाडीच्या भारतवासाची खूण आहे. जुन्या वाहनांच्या संघटनांचा जो जागतिक महासंघ आहे, त्याने २०१२ मध्ये तुरिन येथील सनदेत हाच विवेक स्वीकारला. वाहन वापरात असताना झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचे भाग आहेत, आणि आज नवा भाग बसवला तर तो नवा म्हणून ओळखता यावा, असे त्या सनदेचे सांगणे आहे. मोटारींच्या मेळाव्यांत मात्र झळाळीला बक्षीस मिळते, आणि मालकाच्या हाताला खाज सुटते ती तेथेच.

भारताच्या कायद्यानेही या प्रश्नाला २०२१ मध्ये हात घातला. त्या वर्षी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी दुचाकी व चारचाकी वाहनांस ‘व्हिंटेज’ हा दर्जा देण्याची तरतूद झाली. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. सांगाडा, देह व यंत्र यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क असून ती दहा वर्षे टिकते, आणि ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला निराळा क्रमांक मिळतो. नियम चांगला आहे. चिन्हे व पट्ट्या यांचा त्यात वेगळा उल्लेख नाही, हेही एका अर्थी शहाणपणाचेच म्हटले पाहिजे. कारण कोणते चिन्ह अस्सल हे ठरवण्याचे काम परिवहन कचेरीतील निरीक्षकाच्या गळ्यात घातले असते, तर कुर्ल्याच्या डिसोटोचे काय झाले असते कोण जाणे.

अडचण आहे ती पन्नास या आकड्याची. तुरिनची सनद करणारा महासंघ तीस वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक मानतो. इकडे मानेसर ज्या राजधानी परिसरात मोडते, तेथे दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी घालणारे आदेश हरित न्यायाधिकरणाने काढले व २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. २०२५ मध्ये या बंदीच्या अंमलबजावणीचा प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे आला. हवेची स्थिती पाहता या निर्बंधांमागची निकड कोणीही नाकारू नये. परंतु पंधराव्या वर्षी गाडी टाकाऊ ठरते आणि पन्नासाव्या वर्षी वंदनीय होते. मधल्या पस्तीस वर्षांत तिने काय करावे? परराज्यात नोंदणी करण्यासाठी ना-हरकत दाखला घेऊन वनवासास जावे, किंवा दिल्लीच्या मायापुरीसारख्या भंगारबाजारात देह ठेवावा. तेथे प्रथम सुटतात ती चिन्हे, कारण ती हातात मावतात व वेगळी विकली जातात. ज्या गाडीवरून ती निघाली तिचे साल, तिचा कारखाना, तिच्या पत्र्यावरची भोके हे सारे दाबयंत्राखाली जाते, आणि मुंबईच्या चोरबाजारात किंवा अन्यत्र कोणा शौकिनाच्या हाती पडते ते एक अनाथ अक्षर.

हे टाळावयाचे तर खर्चाचे असे काही नाही. चिन्ह काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, पाठीवरचा क्रमांक लिहून ठेवावा, फुटके असले तरी मूळ नग गाडीबरोबरच डबीत जपावा आणि नवा बसवल्यास तसे नोंदवावे. संग्रहालयांनी गाडीसमोरच्या फलकावर तिच्या घोडशक्तीबरोबर एवढी एक ओळ घातली, तरी पाहणाऱ्यास पुष्कळ कळेल.

१९७४ च्या पहिल्या पद्मिनींची पन्नाशी २०२४ मध्ये भरली. त्यांच्यासाठी दार उघडले, पण त्यांतल्या फारच थोड्या त्या दारापर्यंत पोहोचल्या. आता पाळी आहे ती मारुतीची. गुरगावच्या कारखान्यातून १९८३ च्या डिसेंबरात निघालेली पहिली ‘मारुती ८००’ कंपनीने जपून ठेवली आहे. वायुपुत्राचे नाव आणि पंखांसारखे चिन्ह घेऊन तिच्या मागून ज्या गाड्या निघाल्या, त्यांना पन्नास वर्षे २०३३ च्या अखेरीस व त्यानंतर पूर्ण होतील.